कॅप्टन हार्बरचा जपानी बाप

७ एप्रिल १९७१, बुधवार

मिळालं! मिळालं! मिळालं!

‘गडगडाट’ साप्ताहिकाचे संपादक उशिओदा आज स्वतः घरी आले. बूट काढता काढताच म्हणाले, "कुमेगावा मास्तर, अमेरिकेत कॅप्टन हार्बर म्हणून एक नायक आहे. छातीवर दिवा, पाठीवर पिवळा झगा. तिकडची पोरं वेडी आहेत त्याच्यापायी. आपण हक्क घेतलेत, त्याला आता जपानी करायचाय. कराल?" मी तीन मिनिटं विचार केल्यासारखं दाखवलं. (दीडच मिनिट. पण गंभीरपणे.)

शेवटी न्याय झाला म्हणायचा. पंधरा वर्षं भाड्याच्या पुस्तकांच्या दुकानांसाठी सामुराईंच्या चित्रकथा काढल्या. मोजून २१२ मुंडकी उडवली आहेत मी. दुकानं बंद पडली यात माझा काय दोष? लोकांनी टीव्ही घेतले.

दुपारी मेव्हण्याला पत्र लिहिलं. ओदावाराला त्याचा माशांच्या वड्यांचा कारखाना आहे. दर नववर्षाला वड्यांची पेटी पाठवतो, आणि वर चिठ्ठी: ‘जागा रिकामी आहे.’ पंधरा वर्षं गिळलं. आज रोखठोक लिहून दिलं: ‘कॅप्टन हार्बर सहा महिन्यांच्या आत बंद पडला तर मी कायमचा टाक खाली ठेवीन, तुमच्या कारखान्यात येईन आणि सांगाल ते काम करीन.’ खाली सही, त्यावर शिक्का. साक्षीदार म्हणून बायकोचाही शिक्का घेतला. त्सुया म्हणाली, "अहो, पण कोणी मागितलं होतं का लिहून?" मर्दाला मागावं लागत नाही.

निश्चय: पहाटे पाचला उठणे. साके बंद. उशिओदांशी भांडण नाही.

८ एप्रिल, गुरुवार

साडेनऊला उठलो. (कालचा आनंद. थोडी साके. हा दिवस धरायचा नाही.)

अमेरिकन पुस्तक आलं. लोक अनाडी आहेत, बांधणी उलट्या बाजूला करून ठेवलीय. मी फसलो नाही. आपण उघडतो तसं उघडलं आणि उजवीकडून डावीकडे, शिस्तीत वाचलं. इंग्रजी अक्षरं डावीकडून जातात हे मला माहीत आहे, शाळेत त्यापायी छड्या खाल्ल्या आहेत. पण चित्र म्हणजे अक्षर नव्हे. चित्रं जगात कुठेही उजवीकडूनच येणार. सूर्य काय अमेरिकेत पश्चिमेला उगवतो?

वाचून थक्क झालो. मुखपृष्ठावर लंगोट घातलेला एक प्रचंड माणूस, दंड फुगवून उभा, शेजारी एक हडकुळा. हा अर्थातच मुख्य खलनायक. आणि आत एकाही पानावर तो नाही! काय संयम! सुरुवातीलाच नायकाला टाळ्या, महापौर, फुलं. लगेच तो काय करतो, तर पोलिसांच्या गाडीत बसलेल्या गुंडांना बाहेर काढतो आणि बदडतो. कायद्यावर विश्वास नाही त्याचा. मारायची पद्धतही नवीन: आधी गुंडाचे दात उडतात, त्यानंतर ठोसा दिसतो, त्यानंतर हात मागे जातो. हे तंत्र मला पूर्ण कळलं नाही, पण उचललं.

आणि शेवट! नायकाच्या हातात पिस्तूल. मांडीवर दीपगृहाचा म्हातारा रखवालदार, मेलेला. दोघांची नाकं एकसारखी, म्हणजे बाप! शेवटच्या पानावर बापाचा आत्मा कंदील घेऊन गोल जिना चढत स्वर्गाला जातो. मुलाने बापाला मारलं. एवढं धाडस जपानात एकातही नाही. मी रडलो. त्सुयाने विचारलं काय झालं, म्हटलं कांदा.

१२ एप्रिल, सोमवार

उशिओदांनी जाड पाकीट पाठवलं. पूर्ण कथेचं भाषांतर, मिस ओरिकासा नावाच्या दुभाषीणबाईंनी केलेलं. चित्रकाराला चित्रांचं भाषांतर! म्हणजे माशाला पोहायचे क्लास. पाकीट न फोडता शाईच्या बाटलीखाली ठेवलं. उंची बरोबर झाली.

संध्याकाळी उशिओदांचा फोन: "वाचलंत ना मास्तर?" म्हटलं, "शब्द न् शब्द."

१९ एप्रिल, सोमवार

मारामारी अनुभवातून आली पाहिजे. सकाळी घराच्या खांबाला ठोसा मारून पाहिला. खांब चांगला आहे. उजवी मूठ बर्फाच्या पाण्यात.

दुपारी त्सुयाला उभं केलं. म्हटलं, तू गुंड, मी हार्बर, झाडूने वार कर. "खरंच करू?" म्हणाली. म्हटलं, खरंच कर, कलेचा प्रश्न आहे. मी एक गोष्ट विसरलो होतो. लढाईच्या काळात शाळेत मुलींना लांब दांड्याचं पातं चालवायला शिकवायचे, आणि ही जिल्ह्यात दुसरी आली होती. पहिला वार नडगीवर. दुसरा बरगडीवर. तिसरा मला दिसला नाही. डोळे उघडले तेव्हा ती वारा घालत होती आणि म्हणत होती, "तुम्हीच म्हणालात ना खरंच कर?"

नोंद: पडणाऱ्या माणसाला छत दिसतं. वापरायचं.

३० एप्रिल, शुक्रवार

पहिला भाग दिला. सोळा पानं, एकतीस मुडदे. हार्बर पहिल्याच पानावर क्रेनचा आकडा एकाच्या जबड्यात अडकवून त्याला गोदीवरून फिरवतो. पान सातवर नांगराच्या साखळीने पाच जणांना एकत्र आवळतो. इतकं आवळतो की शेवटी चारच उरतात. पान बारावर जहाजाचा पंखा. त्या पानाला त्सुयाने काळी शाई भरली. (रक्त तीच भरते. मी बाह्यरेषा.) भरून झाल्यावर म्हणाली, "बाटली संपली. वाण्याकडे जाते, मुळाही आणायचाय."

उशिओदा पानं बघून घाम पुसत म्हणाले, "मास्तर, करारात लिहिलंय, कॅप्टन हार्बर कोणालाही ठार मारत नाही." मी म्हटलं, तो नाहीच मारत. तो फक्त फेकतो. मरतात ते आपापले. उशिओदांनी चहा एका घोटात संपवला. मग म्हणाले, "आणि हा लंगोटवाला कोण?" मी नुसता हसलो. संयम.

६ मे, गुरुवार

काल अंक निघाला. पोरांच्या सणाची सुट्टी, सगळीकडे कागदी मासे फडफडत होते. मी स्टेशनवरच्या पुस्तकवाल्यापाशी तीन तास उभा. एका मुलाने ‘गडगडाट’ घेतला, उघडला, माझं पान आलं, त्याने डोळे विस्फारले. मग पान मागे उलटलं. पुन्हा पुढे. पुन्हा मागे. दोनदोनदा वाचतात!

निश्चय: प्रसिद्धी डोक्यात जाऊ द्यायची नाही. टोपी मात्र घ्यायची.

१८ मे, मंगळवार

वाचकांच्या मतपत्रिका मोजून झाल्या. अंकात एक पोस्टकार्ड असतं, पोरं आवडत्या तीन कथा लिहून पाठवतात, आणि त्यावरच आम्हा चौदा जणांचं जगणं-मरणं ठरतं. तीन आठवडे सलग तळाला राहिला की कथा बंद.

मी सहावा! पहिल्याच भागाला सहावा! उशिओदा म्हणतात, पहिल्या भागाला नवलाईची मतं पडतातच. जळतात माझ्यावर, पण माणूस बरा आहे.

२६ मे, बुधवार

अकरावा. दोष पोस्टाचा. होक्काइदोची कार्डं उशिरा येतात, आणि माझा मुख्य वाचक तिथेच असणार. थंडीत राहणारी माणसं कणखर असतात.

पहाटे पाचला उठायचं जूनपासून.

२८ मे, शुक्रवार

साप्ताहिकाचा वाढदिवस म्हणून कचेरीत दुपारचं जेवण. होंजो आला होता. हा तो ‘स्टेशनमास्तरचा हंस’ काढणारा. एक हंस आहे, तो गाड्यांना हिरवं निशाण दाखवतो. सोळा पानांत कोणी कोणाला साधी चापटही मारत नाही, आणि तो चार महिने पहिला!

सगळ्यांदेखत म्हणाला, "काय कुमेगावा, या आठवड्यात तुमच्या कप्तानाने किती मारले? आणि वाचक किती उरले?" सगळे खिदळले. मी शांतपणे उठलो, हार्बरचा डावा ठोसा हाणला. होंजो वाकला, माझा हात कागदी दारातून आरपार गेला आणि पलीकडे जेवत असलेल्या छपाईवाल्याच्या वाडग्यात. हात दारात अडकलेला असताना होंजोने मला ट्रेने मारलं. एकदा. मग आवडलं बहुतेक, कारण अजून दोनदा मारलं. पुढचा एक दात पडला. माझा.

तरी विजय माझाच. शेवटी माफी कोणी मागितली? होंजोने. वाकून, व्यवस्थित, आणि दात रुमालात गुंडाळून हातात दिला.

९ जून, बुधवार

वाचकाचं पत्र! अकिता जिल्ह्यातला मुलगा, इयत्ता पाचवी. ‘मास्तर, कॅप्टन हार्बर मारायच्या आधीच माणसं का पडतात? माझा भाऊ म्हणतो तुम्ही पानं चुकून उलटी लावता. मी म्हणतो हार्बरला जादू येते. आमची पैज लागलीय. कृपया कळवा.’

पोरांना विचार करायला लावणं, हेच तर कलेचं काम. उत्तर लिहिलं: ‘दोघेही चूक. मोठे व्हा.’

तेरावा.

१५ जून, मंगळवार

आनंदाची बातमी. मितो गावात पालक-शिक्षक संघाच्या बायकांनी हिंसक चित्रकथांची होळी केली! पेपरात फोटो आहे. जाळलं म्हणजे मानलं. त्सुयाला फोटो दाखवला. भिंग घेऊन बघत होती. म्हणाली, "अहो, यात ‘गडगडाट’ नाहीये. दुसरीच मासिकं आहेत सगळी."

मितोच्या बायकांना अक्कल नाही. गाढवाला गुळाची चव काय?

त्यांच्या संघाला निनावी पत्र टाकलं, कॅप्टन हार्बरही फार वाईट आहे, लक्ष असावं.

३० जून, बुधवार

चौदावा. म्हणजे शेवटचा. उशिओदा घरी आले, बूट न काढता दारातच उभे राहिले. "मास्तर, अजून दोन आठवडे असेच गेले तर माझ्या हातात काही नाही." मागून त्सुया चहा घेऊन आली. तिने सगळं ऐकलं.

ते गेल्यावर ती म्हणाली, "दादाला कळवू का, की बहुतेक येऊ?" मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. ती स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ मुळा चिरत राहिली. इतका मुळा आम्हाला लागत नाही.

माशांच्या वड्या! मी! गमबूट घालून! मरेन पण जाणार नाही.

१ जुलै, गुरुवार, सकाळी ११

उपाय सापडला. हुकमाचा एक्का मी उगाच राखून ठेवला होता. शेवट. बापाचा खून. आत्ता, लगेच, पुढच्याच भागात. मुलं हादरतील, कार्डांचा पाऊस पडेल, मितोच्या बायका आगपेट्या घेऊन धावतील.

उशिओदांना कळवायचं नाही. पानं शेवटच्या क्षणी द्यायची, छापण्यावाचून गत्यंतर नाही अशी.

५ जुलै, सोमवार

त्सुयाला कथा सांगितली. तिने विचारलं, "पण बापाने केलं काय?" मी म्हटलं, ते चित्रात नाही. "काही केलं नाही, आणि मुलगा उठून गोळी घालतो?" म्हटलं, हीच तर शोकांतिका. तिने अमेरिकन पुस्तक मागितलं. चाळलं. मग म्हणाली, "अहो, हे दुसऱ्या बाजूनं वाचायचं असेल का?"

मी तिला चित्रकलेचा इतिहास सांगितला. दीड तास. पटलं असावं, कारण मध्येच उठून भात लावायला गेली.

८ जुलै, गुरुवार

काय पानं झालीत! खोटं कशाला बोलू, असं मी आयुष्यात काढलं नव्हतं. नेहमीप्रमाणे आधी टाळ्या, मग लंगोटवाल्याशी निर्णायक झुंज. हार्बर त्याचा डावा हात खांद्यातून उपटतो आणि त्याच हाताने त्याला मरेस्तोवर बडवतो. मग दीपगृह. मग दोन पानं मिळून एकच चित्र: पिस्तुलाचं तोंड थेट वाचकाकडे, गोळी अंगावर येतेय. पुढे मांडीवर म्हातारा. छाती उघडी पडलेली, दाढी रक्तात. शेवटी जिना, कंदील, आत्मा.

एकच अडचण. शाई भरायला त्सुयाला पानं दिली, तिने सगळी भरली, लंगोटवाल्याचा खांदासुद्धा भरला. म्हाताऱ्याचं पान परत आणून ठेवलं. म्हणाली, "हे मी नाही भरणार. बापाचं रक्त तुमचं तुम्ही भरा." तिचे वडील मागच्या हिवाळ्यात गेले. पण गोष्ट म्हणजे गोष्ट.

मीच भरलं. दोन थेंब म्हाताऱ्याच्या डोळ्यावर पडले. राहू दिले, बरं दिसतंय.

१४ जुलै, बुधवार

अंक बाजारात. उशिओदांचा फोन आला. म्हणाले, "मास्तर, पुढच्या मंगळवारी मिस्टर हॅस्लम टोकियोत येतायत. ज्यांनी कॅप्टन हार्बर लिहिला ते. त्यांना तुम्हाला भेटायचंय."

बातमी अमेरिकेपर्यंत गेली! दुधात साखर! नवी टोपी घालावी की सूट? दोन्ही.

२० जुलै, मंगळवार, संध्याकाळी ६

उजव्या हाताने लिहितोय. डावा हात जबड्याला धरून आहे.

नीट क्रमाने लिहून ठेवतो, म्हणजे माझी बाजू राहील.

अकराला कचेरीत पोचलो. उशिओदा पांढरेफटक. मिस ओरिकासा, त्या दुभाषीणबाई. आणि हॅस्लम साहेब: साठीचा, उंच, हाताच्या शिरा दोरखंडासारख्या, नाक ओळखीचं. टेबलावर माझा अंक. साहेबाने तो हातात घेतला आणि उलट्या बाजूने उघडला. तिकडची सवय. अक्षर एकही कळत नाही, नुसती चित्रं बघत चालला, डावीकडून.

तळाचा म्हणून माझी कथा अंकात शेवटी, त्यामुळे पहिल्याच पानाला थांबला. जिना, कंदील, म्हातारा. पुढचं पान: मांडीवर मेलेला म्हातारा. साहेबाच्या हनुवटीला काहीतरी झालं. पुढे पिस्तूल. पुढे लंगोटवाल्याचा चेंदामेंदा, तिथे भुवया चढल्या. शेवटी टाळ्या. अंक मिटला, चष्मा काढला आणि हा एवढा थोरला माणूस ढसाढसा रडायला लागला.

मिस ओरिकासा हळू आवाजात सांगत गेल्या: "ते म्हणतायत, माझे वडील दीपगृहाचे रखवालदार होते. एका रात्री दारूच्या चोरट्या व्यापाऱ्यांनी त्यांना जिन्यावर गोळी घातली. मी अकरा वर्षांचा होतो. माझ्या मांडीवर गेले. म्हणून मी कॅप्टन हार्बर लिहिला. आमच्याकडे तिघा चित्रकारांनी वडिलांचं ते मरण काढलं, पण कोणालाच जमलं नाही. म्हाताऱ्याच्या डोळ्यावर ते दोन थेंब. तुम्हाला कसं कळलं?"

साहेब उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि मला मिठी मारली. उशिओदांच्या जिवात जीव आला. साहेब म्हणे वर्षभर चालू ठेवा, मी स्वतः लिहून देतो. वर्षभर! ओदावारा संपलं! मेव्हण्याच्या वड्या त्याच्याच घशात!

इथे थांबलो असतो तर? त्सुया मघापासून हेच विचारतेय. पण मी कलावंत आहे. माझं काम उलटं वाचून कोणी वाहवा केली, तर ती मी गिळू? मी म्हटलं, बाई, यांना सांगा की हे उलटीकडून वाचतायत. इकडून बघा म्हणावं. उशिओदांनी टेबलाखालून माझ्या नडगीवर लाथ मारली. मी त्यांना म्हटलं, लाथ कशाला मारता? आणि साहेबाला एकेक पान बोट ठेवून समजावलं. ही टाळ्यांनी सुरुवात. हा तुमचा लंगोटवाला. ही गोळी. कोण झाडतंय? मुलगा. कोणावर? बापावर. तुमच्याच पुस्तकात आहे, मी फक्त रक्त वाढवलं.

मिस ओरिकासांनी अंक मिटायला हात पुढे केला. मी म्हटलं, सांगा ना बाई. त्यांनी सांगितलं. साहेबाने अगदी हळू काहीतरी विचारलं. त्यांनी भाषांतर केलं: "मी माझ्या वडिलांना मारलं, असं?"

मी म्हटलं, हो. आणि म्हटलं, अभिनंदन.

तेव्हा मी नीट पाहिलं. आधी हात मागे गेला. मग ठोसा आला. मग माझे दात. या क्रमाने. साडेतीन महिने मी उलटं काढत होतो.

छत दिसलं. वरून उशिओदा म्हणत होते, "मास्तर, मास्तर, तो लंगोटवाला मागच्या कव्हरवरची व्यायामाच्या स्प्रिंगची जाहिरात आहे हो. भाषांतरात पहिल्याच पानावर लिहिलं होतं."

घरी आल्यावर त्सुयाने बर्फ बांधला. सगळं ऐकून म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण." नंतर बर्फाची गाठ घट्ट करता करता तिने विचारलं, "ते म्हातारे रडत गेले का हो?"

मी पाहिलं नाही. मी जमिनीवर होतो.

२१ जुलै, बुधवार

पेज. स्ट्रॉने.

२३ जुलै, शुक्रवार

हॅस्लम साहेबाला पत्र लिहायला बसलो. सहा पानं झाली. चित्रं उजवीकडून का वाचावीत यावर पाच, माफी अर्ध्या पानात. वाचून पाहिलं. पाच पानं फाडली. उरलेलं फार छोटं दिसायला लागलं, तेही फाडलं. मग नुसतं एक चित्र काढलं: जिना चढणारा म्हातारा, कंदील हातात, पाठमोरा. गोळी नाही, रक्त नाही. त्सुयाने न सांगता मागचा अंधार भरून दिला.

पत्ता कोणाला विचारायचा? उशिओदा फोनवर येत नाहीत.

२८ जुलै, बुधवार

अमेरिकेने हक्क काढून घेतले. कॅप्टन हार्बर बंद. शेवटच्या पानावर दोन ओळींची दिलगिरी, माझं नाव चुकीचं छापलंय. माझी सोळा पानं होंजोच्या हंसाला. हंस आता बत्तीस पानं निशाण दाखवणार.

मेव्हण्याला पत्र: ‘बंद पडणे’ आणि ‘परत घेतले जाणे’ यांत कायदेशीर फरक आहे, तेव्हा माझी शपथ लागू होत नाही.

२ ऑगस्ट, सोमवार

मेव्हण्याची तार: ‘तेवीस तारखेला सकाळी सहाला या. गमबूट आहेत.’

२२ ऑगस्ट, रविवार

ओदावाराला पोचलो. मेव्हणा, इवाओ, फार बोलत नाही. माझं सामान बघितलं, माझा जबडा बघितला, म्हणाला, "जेवून घ्या."

निश्चय: एक वर्ष. फक्त एक वर्ष. मासेमारीवर थरारक मालिकेसाठी साहित्य गोळा करायचं. इथे सुरे आहेत, आकडे आहेत, रक्त आहे. म्हणजे उद्यापासून मी माझ्याच मैदानात आहे म्हणायचं.

२३ ऑगस्ट, सोमवार, दुपारी १

सहाला हजर. पाचलाच उठलो होतो, आयुष्यात प्रथमच. इवाओने रबरी एप्रन दिला, गमबूट दिले, सुरा दिला. समोर माशांची पेटी. काम सोपं: मुंडकं उडवायचं, पोट फाडायचं, आतलं काढून टाकायचं. त्याने एक करून दाखवला. चार सेकंद. सगळे कामगार बघत होते. एक बाई म्हणाली, "हेच ना ते, मुंडकी उडवणारे?" मी म्हटलं, दोनशे बारा.

मासा हातात घेतला. गार होता आणि जरा हलला. मला वाटलं, मेलेले असतात. कल्ल्यामागे सुरा लावला. दाबला. ते लाल होतं.

एवढंच आठवतंय. ताप असावा. प्रवासाचा शीण, आणि जबडाही अजून पूर्ण बरा नाही.

शुद्ध आली तेव्हा पाणपोईपाशी बाकावर होतो, कपाळावर ओला टॉवेल. समोर माझ्या जागेवर त्सुया उभी. माझाच एप्रन, तिला पायापर्यंत आलेला. खट, खट, खट, पेटी निम्मी रिकामी केली होती. इवाओने बहिणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "भाऊजी, कसलं रक्त काढायचात हो तुम्ही इतकी वर्षं?" मी उत्तर देणार होतो. त्सुयाच मान वर न करता म्हणाली, "काळं, दादा. ते काळं असायचं."

सगळे हसले. लाज वाटली. खरोखर वाटली, इथे लिहायला हरकत नाही. रडूही आलं, आणि या वेळी कांदा म्हणायची सोय नव्हती.

तासाभराने ती पाणी प्यायला आली. कोपरापर्यंत लाल. मी मान फिरवली, तर शेजारी बसून म्हणाली, "अहो, बघायला आलात तेव्हा आमच्या अंगणात कोंबडी कापत होते. तुम्ही पांढरे पडून भिंतीला टेकलात. बाबा म्हणाले, हा काय संसार करणार? मी म्हटलं, हाच. याच्या हातून कोणाला काही होणार नाही." तिने पेला रिकामा केला. "त्या अमेरिकन म्हाताऱ्यांना चित्र पाठवायचं तेवढं राहिलं," म्हणाली, आणि उठून पुन्हा पेटीकडे गेली.

मला वड्यांवर कागद गुंडाळायच्या टेबलावर बसवलंय, तीन म्हाताऱ्या बायकांच्या मध्ये. कागद डावीकडून दुमडायचा, मग उजवीकडून. आत्तापर्यंत एकोणीस झाले. त्यातले अकरा पुन्हा करायला सांगितलेत.